कुरुदच्या अलीकडचा थांबा

इथे येणारे भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच महिन्यांपासून वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचत होते. दुपारी डबा खाताना मोबाइल उघडायचा, एखादा किस्सा वाचायचा आणि शेजारच्या टेबलवरच्या मुलीला सांगून दोघींनी हसायचं. राग मानू नका, पण माझं कामच तसं आहे... एखादी गोष्ट विचित्र दिसली की तिच्या मागची साधी चूक शोधून काढायची. मला पगारच त्याचा मिळतो. आजवर ती चूक सापडली नाही असं झालं नव्हतं.

मी भिलाईची. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले. मूळ गाव गोंदियाकडचं, पण माझा जन्म इथलाच. शाळा हिंदीत झाली, त्यामुळे लिहिण्यात इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझं ऑफिस पावर हाउस भागातल्या बाजारात, चादरी-पडद्यांच्या एका दुकानाच्या वर आहे. आम्ही गाड्यांना जीपीएस लावतो — ट्रक, टँकर, स्कूल बस. गाडीतलं यंत्र थोड्या थोड्या वेळाने एक ओळ पाठवतं. वेळ, जागा, वेग, दार उघडं की बंद. स्कूल बसमध्ये मुलाने चढताना कार्ड लावलं की त्याचा नंबर आणि नाव. या सगळ्या ओळींची मिळून जी फाइल होते तिला सीएसव्ही म्हणतात. त्यात रेघा नाहीत, चौकटी नाहीत, नुसता मजकूर आणि मध्ये कॉमा. दोन कॉमांच्या मध्ये जे असेल तो एक रकाना. आता कुणी स्टॉपच्या नावातच कॉमा टाकला, ‘पानी टंकी, मंदिर के पास’ असं लिहिलं, की झालं... त्या ओळीतलं सगळं एक घर पुढे सरकतं. वेगाच्या जागी दार, दाराच्या जागी कार्ड. आमचं सॉफ्टवेअर अशा ओळीपाशी अडखळतं आणि पुढची फाइल वाचतच नाही. ते दुरुस्त करणं हे माझं काम.

मागच्या हिवाळ्यात एका बसमालकाची तक्रार आली. त्यांची एक बस सकाळी नंदिनी नगरवरून मुलं घेऊन निघते, वाटेतल्या गावांतली मुलं घेते आणि कुरुदच्या बाजूने भिलाईत शिरते. मालकाचं म्हणणं होतं की रिपोर्टमध्ये ही बस रोज सकाळी कुरुदच्या अलीकडे गायब होते. तिथपर्यंत दिसते, पुढे काहीच नाही. बस शाळेत पोचायची, पण थोडी उशिरा. मालकाने सरळ अर्थ काढला होता — ड्रायव्हर यंत्राची वायर काढतो आणि कुठेतरी थांबून डिझेल विकतो.

आमचे राजेश सर फाइल मला पाठवत म्हणाले, “देख ले क्या गड़बड़ है. मालिक उसको निकालने की बात कर रहा है.”

मी ड्रायव्हरचं नाव वाचलं. सुधाकर काका. बाबांचे गाववाले. दोघं एकाच वर्षी भिलाईला आले. बाबांना प्लांटमध्ये पक्की नोकरी लागली, काका ठेकेदाराच्या गाड्या चालवत राहिले. पहिलीत माझं बोट धरून मला शाळेत नेणारे काका. आता वय झालं आहे. या मालकाने चोर म्हणून काढलं असतं तर दुसऱ्या कुणी त्यांना स्टेअरिंगला हात लावू दिला नसता.

मी फाइल उघडली आणि हायसं वाटलं. वायर-बियर काही नव्हतं. प्रत्येक सकाळी, त्याच जागेवर, एका ओळीत एक कॉमा जास्त होता. सॉफ्टवेअर तिथे अडकत होतं, म्हणून बस गायब! मी तो जास्तीचा कॉमा काढून टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या दिवसांच्या फाइल्सवर चालवली, आणि पुढचा रस्ता उलगडत गेला. कुरुद, मग मोठा रस्ता, मग शाळा. बस कुठेही वळलेली नव्हती.

मी खुशीत सरांना दाखवायला गेले. सरांनी बघितलं आणि बोट ठेवलं ते त्याच ओळीवर.

“ये क्या है? स्पीड ज़ीरो. गेट ओपन.”

मी घाईत नीट वाचलंच नव्हतं. ओळ दुरुस्त झाल्यावर ती काय म्हणते ते आता दिसत होतं. बस थांबली. दार उघडलं. कुणीतरी चढलं. कार्ड नंबर — रिकामा. नाव — रिकामं. दार बंद झालं, बस निघाली. रोज. आणि नकाशावर त्या जागी कुठलाच स्टॉप नव्हता.

“गेट खोल के डीज़ल का कैन उतारता होगा,” सर म्हणाले.

म्हणजे मी काकांना वाचवायला गेले आणि उलट पुरावाच तयार करून दिला. सरांना मी दोन-चार दिवस मागितले.

संध्याकाळी काकांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, “काका, कुरुदच्या अलीकडे, ते शेतात प्लॉट पाडले आहेत ना, तिथं तुम्ही बस थांबवता का?”

“तिथं? तिथं कोन आहे? मी कावून थांबवीन?”

“एक मिनिट वगैरे... दार उघडून?”

काकांनी खाटेवरचे पाय खाली सोडले. मग हळूच म्हणाले, “मालकानं धाडलं का तुले?”

“नाही काका, मशीनमध्ये तसं येऊन राहिलं.”

“मशीनमध्ये येऊन राहिलं तं मशीनले विचार. मी शेवटच्या गावातून गाडी काढतो ते सीधा कुरुद. गंगाबाई असते संगं पोरं चढवाले, तिले विचार.” मग माझ्याकडे बघून, “तुले बी मी चोर वाटतो का पोरी?”

मला तिथून उठून यावंसं वाटलं. काकू चहा घेऊन आल्या, तो पटकन पिऊन मी निघाले.

दुसऱ्या दिवसापासून मी जे जे तपासता येतं ते तपासलं. काका मध्ये तापाने घरी होते तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरने बस चालवली होती. त्या दिवसांच्या फाइल काढल्या — तोच थांबा, तीच रिकामी ओळ. सर म्हणाले डिव्हाइस खराब असेल. त्या बसचं डिव्हाइस काढून दुसऱ्या बसला लावलं, दुसरीचं हिला. दुसऱ्या बसच्या फाइल अगदी स्वच्छ आल्या. काकांच्या बसमधून, नव्या डिव्हाइसवरून, पुन्हा त्याच जागी तोच जास्तीचा कॉमा. यंत्र नाही, ड्रायव्हर नाही. मग काय? कार्ड नसेल तर यंत्राने कुणी चढल्याची ओळच पाठवायला नको. मी यंत्र बनवणाऱ्यांना मेल केली. असं होऊच शकत नाही, असं उत्तर आलं.

मालकाला मात्र सगळं सोपं वाटत होतं. “दोनों ड्राइवर मिले हुए हैं,” तो फोनवर म्हणाला. आठवड्याच्या शेवटी काकांचा हिशोब करून टाकणार होता.

शेवटी मीच सरांना म्हटलं, मी बसमध्ये बसून येते.

काका बस घराजवळच उभी करतात. सकाळी रिकाम्या बसमधून मी त्यांच्यासोबत नंदिनी नगरला गेले. माझ्याशी ते फारसं बोलले नाहीत. ‘टेस्टिंग’ आहे एवढंच मी सांगितलं होतं. गंगा दीदी — मुलांना चढवणारी-उतरवणारी बाई, तिकडच्याच गावची — तिने मला मागच्या बाजूची सीट दिली. मांडीवर लॅपटॉप, आणि मोबाइल मी समोरच्या सीटच्या दांड्याला अडकवून कॅमेरा सुरू केला, म्हणजे पुढची सगळी बस त्यात येईल.

छान ऊन पडलं होतं. नंदिनी नगरला खाणीच्या कॉलनीतली मुलं चढली, स्वेटर, टोप्या, अर्धवट झोप. मग एकेक गाव. प्रत्येक मूल कार्ड लावायचं, ‘टिंग’ वाजायचं आणि माझ्या स्क्रीनवर ओळ यायची. सगळ्या ओळी नीट. शेवटच्या गावानंतर बसमध्ये चांगलाच गोंगाट सुरू झाला. कुणाचं तरी ड्रॉइंग राहिलं होतं, कुणी मागून कुणाची टोपी ओढत होतं.

मग ती प्लॉटिंगची जागा आली. तुम्ही अशा जागा बघितल्या असतील. शेत विकून टाकलेलं, चुन्याने रंगवलेले दगड रांगेत, आणि घर एकही नाही. झाडसुद्धा नाही. लांबपर्यंत स्वच्छ दिसत होतं. कुणीही नव्हतं.

बसचा वेग कमी झाला. काकांनी बस अलगद डाव्या बाजूला घेतली आणि थांबवली.

मला वाटलं समोर काही आडवं आलं असेल. मी मान उंच करून बघितलं. रस्ता मोकळा. काकांचे हात स्टेअरिंगवर, नजर समोर, रोजच्या स्टॉपवर थांबावं तसे शांत बसलेले. गंगा दीदी उठली. दार उघडलं. आणि मग ती बाजूला झाली — कुणी पायऱ्या चढून येत असेल तर आपण वाट देतो ना, तशी, अंग चोरून.

‘टिंग’ वाजलं नाही.

पुढून तिसऱ्या सीटवर दोन मुली बोलत बसल्या होत्या, पाचवी-सहावीतल्या असतील. बोलणं न थांबवता त्या खिडकीकडे सरकल्या. कडेच्या मुलीने बाजूला ठेवलेली बॅग उचलून मांडीवर घेतली. सीटवर एका मुलापुरती जागा झाली. कुणी त्या जागेकडे बघितलंही नाही.

“चलो भैया,” गंगा दीदी म्हणाली. दार बंद झालं. बस निघाली. माझ्या स्क्रीनवर ओळ आली होती. कार्ड रिकामं, नाव रिकामं, एक कॉमा जास्त.

मला काही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगते. थंड झुळूक नाही, वास नाही, काही नाही. ऊन होतं, मुलं ओरडत होती. मी उठून, सीट धरत धरत काकांपर्यंत गेले.

“काका, आपण कावून थांबलो?”

“कुठं थांबलो?”

“आत्ता! त्या प्लॉटांपाशी!”

“काय बोलून राहिली तू? थांबलोच नाही ना.” त्यांनी आरशात बघून गंगा दीदीला विचारलं, “क्यों, रुके थे क्या?”

“कहाँ रुके हन?” ती आपल्या छत्तीसगढीत म्हणाली आणि हसली. “सीधा तो आवत हन. दीदी ला नींद आ गई होगी.”

दोघंही खोटं बोलत नव्हते. माणूस खोटं बोलतो तेव्हा कळतं, विशेषतः ज्याच्या अंगाखांद्यावर आपण वाढलो त्याचं. मी परत जाऊन बसले. शाळा येईपर्यंत मी त्या सीटवरून नजर काढली नाही. दोघी मुली दाटीवाटीने बसून राहिल्या. कडेला ती रिकामी जागा तशीच. मागून एक मुलगा उठून पुढे आला, जागा शोधत होता. त्या सीटपाशी थांबला, आणि पुढे जाऊन दांडा धरून उभा राहिला.

शाळेपाशी सगळी उतरली. त्या दोघी मुली मात्र क्षणभर बसून राहिल्या. आधी कडेचं कुणी उठतं आणि मग आपण उठतो, तेवढा वेळ. मग उठल्या आणि गेल्या.

मी त्यातल्या एकीला खाली उतरून विचारलं, “बेटा, तुम्हारे साथ और कौन बैठता है?”

“कोई नहीं दीदी, हम दो ही बैठते हैं,” ती म्हणाली आणि पळाली.

ऑफिसात मी सरांना एवढंच सांगितलं की डिझेलचं काही नाही, मी स्वतः होते, कुणी काही उतरवलं नाही. व्हिडिओबद्दल बोलले नाही. माझ्यातच तो बघायची हिंमत नव्हती. रविवारी दुपारी, घरात बाबा पेपर वाचत बसले होते, आई स्वयंपाकघरात होती, तेव्हा बाबांच्या शेजारी बसून लावला. बाबांना काही सांगितलं नव्हतं. एकटीने बघायचा नव्हता, बस.

सगळं होतं त्यात. बस थांबते. दार उघडतं, बाहेर ऊन आणि पांढरे दगड. दीदी बाजूला होते. मुली सरकतात. म्हणजे मी झोपले नव्हते, हे तर नक्की झालं. आणि मग मोबाइलच्या अगदी जवळून एक आवाज आला. हळू, लाडाचा.

“ये बाई... बस.”

बाबांनी पेपर खाली केला. “तुयाच आवाज होय ना हा?”

मी व्हिडिओ थांबवला.

“कोनाले म्हनून राहिली?”

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझाच आवाज. त्या बसमध्ये मी सगळ्या मुलांशी हिंदीत बोलत होते, आणि हे शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही. मी स्वतःला त्या बसमधली एकटी शुद्धीवर असलेली समजत होते.

“कोनी नाही बाबा, एक पोरगी होती,” मी म्हटलं. बाबांनी परत पेपर वर केला.

यानंतर मी काय केलं ते सांगते, कारण मला तेच जास्त टोचतं. मी सरांना लिहून दिलं की त्या तुकड्यात रस्ता खराब आहे, दाराचा सेन्सर हादऱ्याने चुकीचं दाखवतो, बस दुसऱ्या रस्त्याने न्यावी. धादांत खोटं. पण काकांची नोकरी राहायची तर मालकाला पटेल असं कारण हवं होतं. मालकाने टाकीही मोजून बघितली होती, डिझेल बरोबर निघालं. त्याला पटलं. बस आता मोठ्या फाट्यावरून वळून येते, कुरुदची ती बाजू लागतच नाही. काकांना पुन्हा कुणी चोर म्हणालं नाही. फाइल पहिल्या दिवसापासून स्वच्छ.

मधल्या काळात मी स्कूटी घेऊन त्या जागी जाऊन आले, भर सकाळी. थोड्या अंतरावर एक चहाची टपरी आहे. त्या म्हाताऱ्याला विचारलं, इथे कधी अपघात वगैरे? कुणाचं मूल? तो म्हणाला, इथे काय होणार, कालपर्यंत धान लावायचे. कुरुदमध्येही दोन-तीन घरी विचारलं. बाबांच्या ओळखीचे एक जण तिथे जुने आहेत, त्यांनाही विचारलं. काहीच नाही. कुणी मेलं नाही, कुणी हरवलं नाही. निदान कुणाला ठाऊक तरी नाही. मी टपरीपाशी उभी राहिले, चहा घेतला, परत आले. काही घडलं नाही.

मागच्या महिन्यात काका घरी आले होते. माझ्यावरचा रुसवा गेला होता. बाबा आणि ते गावच्या गोष्टी बोलत होते, मी सहज विचारलं, “नवा रस्ता बरा आहे का काका?”

“रस्ता मस्त आहे. गाडी पळते.” मग कप हातात तसाच धरून ते म्हणाले, “पन मन लागत नाही वं. फाट्यावर वळलो का कसंतरीच होते. कोनाले घ्याचं राहून गेलं असं वाटते. मंग मी आरशात पाहून पोरं मोजतो. गंगाबाईले बी मोजाले लावतो. बराबर असतात सारे.”

“वय झालं तुयं,” बाबा म्हणाले आणि दोघं हसले.

मी हसले नाही. काकांना मी ना व्हिडिओ दाखवला आहे, ना त्यातलं काही सांगितलं आहे. सांगून काय सांगू?

हे सगळं इथे लिहिते आहे ते कुणी समजावून द्यावं म्हणून नाही. कॉमा कुठून येत होता हे मला कळलं नाही, माझ्या तोंडातून ते शब्द कसे निघाले हेही नाही, आणि कळेल असं आता वाटत नाही. फक्त एवढंच की सकाळी बसची वेळ झाली की माझं कामात लक्ष लागत नाही. रस्ता मी बदलायला लावला. जे कोणी रोज तिथे येऊन उभं राहत होतं, त्याला कुणी सांगितलंच नाही की बस आता इकडून येणार नाही.